उंदराच्या अंगावरची खूण आणि ब्रीडरची वही

जन्मून एक दिवस झालेलं उंदराचं पिल्लू जेमतेम पाच-सहा ग्रॅम भरतं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कातडी इतकी पातळ की पोटाच्या डाव्या बाजूला प्यायलेल्या दुधाचा पांढरा पट्टा बाहेरून दिसतो. याच पिल्लाच्या पायाच्या बोटाचं टोक बारीक कात्रीने छाटायचं आणि कुठलं बोट छाटलं त्यावरून त्याला नंबर द्यायचा, ही प्रयोगशाळांमधली जुनी पद्धत. बारा पिल्लं, बारा वेगवेगळी बोटं. उंदीर मोठा झाल्यावर पाय बघितला की नंबर कळतो. हौसेने उंदीर पाळणाऱ्या, त्यांची वीण काढणाऱ्या लोकांतही, म्हणजे ब्रीडरांतही, हा प्रश्न पुन्हापुन्हा निघतो: आपणही असं काही करावं का? बोट नको तर कानाला खाच? शेपटीवर गोंदण? मायक्रोचिप?

घरगुती पैदाशीत कापून, छाटून किंवा भोक पाडून केलेली कुठलीही खूण समर्थनीय नाही, असं माझं ठाम मत आहे. पण तेवढ्यावर हा विषय संपत नाही. खूण कशासाठी, हे विचारलं की दुसरा, जास्त अवघड प्रश्न पुढे येतो. पिल्लू दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्याचं उत्तरदायित्व कोणाकडे? ज्याने जोडी लावली त्याच्याकडे, आणि पिल्लाच्या अखेरपर्यंत त्याच्याचकडे. ओळख पटवण्याची सगळी खटपट या उत्तरदायित्वासाठी असेल तरच तिला अर्थ आहे.

मराठीत आपण रॅट आणि माऊस दोघांनाही उंदीरच म्हणतो, म्हणून सांगायला हवं की इथे विषय रॅटचा आहे. पाळीव रॅट म्हणजे गटारात दिसणाऱ्या तपकिरी उंदराचीच, रॅटस नॉर्व्हेजिकसची, माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून घडवलेली जात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये उंदीर पकडण्याचा धंदा करणाऱ्या जॅक ब्लॅकने वेगळ्या रंगाचे उंदीर मारण्याऐवजी वाढवले आणि विकले. १९०१ मध्ये हौसेने उंदीर पाळणाऱ्या मेरी डग्लस यांच्या प्रयत्नांनी इंग्लंडमधल्या एल्सबरीच्या प्रदर्शनात उंदरांना पहिल्यांदा जागा मिळाली. पाळीव उंदरांसाठीची ब्रिटनमधली संस्था, नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटी, १९७६ ची. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं या प्राण्याचा रंग, कान, केस आणि स्वभाव माणसाने ठरवला आहे. हा उंदीर कंटाळा आला म्हणून बागेत सोडला तर तो मोकळा होत नाही. पांढऱ्या अंगामुळे कावळ्याला आणि मांजराला लांबून दिसतो, अन्न शोधणं त्याला ठाऊक नसतं, आणि तिथले रानटी उंदीर त्याला हद्दीत येऊ देत नाहीत.

ओळख कशाला हवी, याचं पहिलं कारण आजार. पाळीव उंदीर साधारण दोन ते तीन वर्षं जगतो. माद्यांमध्ये स्तनांच्या गाठी खूप आढळतात, आणि त्या बहुतेक वेळा दीड वर्षाच्या पुढे दिसतात. मादीची वीण मात्र त्याआधीच होऊन गेलेली असते. म्हणजे ज्या मादीची पिल्लं वर्षापूर्वी लोकांच्या घरी गेली, तिच्या रक्तात काय होतं हे ती पिल्लं म्हातारी झाल्यावर कळतं. अंगावर पांढरा भाग जास्त असलेल्या काही वंशांत मोठ्या आतड्याच्या मज्जातंतूंचा दोष येतो; पिल्लाचं दूध तुटायच्या सुमाराला पोट फुगतं, शौच होत नाही, आणि पिल्लू दगावतं. फुप्फुसाला त्रास देणारा मायकोप्लाझ्मा हा जिवाणू तर जवळजवळ प्रत्येक पाळीव उंदरात असतो, पण एखाद्या वंशात तो लवकर उसळतो आणि दुसऱ्यात म्हातारपणापर्यंत गप्प राहतो. हा फरक ब्रीडरला कसा कळणार? घरोघरी गेलेली पिल्लं कशाने आणि कोणत्या वयात गेली हे त्याच्या वहीत परत आलं तरच. नाहीतर तो डोळे मिटून जोड्या लावतो आहे.

दुसरं कारण साथीचं. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात घरी उंदरांची पैदास करणारी एक व्यक्ती आजारी पडली आणि तपासणीत सोल विषाणू सापडला. हा हंताव्हायरसच्या कुळातला, उंदराला स्वतःला काही होत नाही, माणसाला ताप आणि मूत्रपिंडाचा त्रास होऊ शकतो. मग शोध सुरू झाला: या ब्रीडरने उंदीर कोणाकडून घेतले, कोणाला दिले, त्यांनी पुढे कोणाला. माग ११ राज्यांपर्यंत गेला आणि १७ माणसांना लागण झालेली आढळली. असा माग काढताना उपयोगी पडतात त्या तारखा, फोन नंबर आणि कुठल्या विणीतलं पिल्लू कुठे गेलं याची नोंद. छाटलेलं बोट फार तर नंबर सांगेल. तो नंबर कुठल्या घरचा, हे वहीच सांगते.

आता खुणांच्या पद्धतींकडे येऊ. बोट छाटण्याचं समर्थन नेहमी एकाच वाक्याने होतं: इतक्या लहान पिल्लाला वेदना कळत नाहीत. हे खरं नाही. वेदना जाणवून देणाऱ्या नसा जन्मापासून काम करतात. मेंदूकडून मज्जारज्जूत खाली येऊन वेदना दाबणारी यंत्रणा मात्र नंतर तयार होते. म्हणजे तान्ह्या पिल्लाकडे वेदनेला आवर घालणारं संरक्षणच कमी असतं. शिवाय उंदीर पुढच्या पंज्याने दाणा धरून खातो, तोंड धुतो, पिंजऱ्याच्या तारांवर चढतो. बोटाचं टोक गेलं तर ते आयुष्यभराचं. प्रयोगशाळांसाठीच्या अमेरिकन मार्गदर्शिकेतही बोट छाटणं हा दुसरा काही उपाय शक्य नसेल तेव्हाचाच मार्ग मानला आहे.

कानाला खाच पाडणं त्यापेक्षा सौम्य वाटतं. आपल्याकडे गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे, त्यामुळे कानाचा विचार लगेच सुचतो. पण गाईचा कान जाड, उंदराचा कान कागदासारखा, उजेडात धरला तर शिरा दिसतील असा. कानाच्या कडेला ठरावीक जागी दोन मिलिमीटरची भोकं किंवा खाचा पाडून आकडे मांडायचे, ही पद्धत. त्यात होतं काय, की दोन नर भांडताना एकमेकांचा कान फाडतात, खाच रुंदावते, दोन भोकं एक होतात, आणि चौथ्या नंबरचा उंदीर सातव्यासारखा वाचला जातो. धातूची टिकली लावली तर ती पिंजऱ्याच्या तारेत किंवा कापडी झोळीच्या धाग्यात अडकते आणि कान चिरतो. पिकतो तो वेगळाच. शेपटीवरच्या गोंदणाला भूल द्यावी लागते, आणि वाढत्या पिल्लाची शेपटी लांबत जाते तशी शाई पसरून अक्षर पुसट होतं.

महाराष्ट्रातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणखी एक पद्धत माहीत असेल: पिक्रिक ॲसिडच्या द्रावाने पांढऱ्या उंदराच्या केसांवर पिवळे डाग पाडणं. डोक्यावर डाग तो एक, पाठीवरचा दुसरा, शेपटीच्या मुळाशी तिसरा, डोकं-पाठ दोन्हीकडे तो चौथा. कापाकापी नाही म्हणून ती घरी आणावी असं कोणालाही वाटेल. आणू नये. उंदीर दिवसभर स्वतःला आणि एकमेकांना चाटून साफ करत असतात, त्यामुळे अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं, आणि पिक्रिक ॲसिड विषारी आहे. बाटलीत वाळलेलं पिक्रिक ॲसिड तर धक्क्याने स्फोट होणारं रसायन आहे. घरात त्याला जागा नाही.

प्रयोगशाळेला पहिल्या दिवसापासून प्रत्येक पिल्लाची वेगळी ओळख का लागते? कारण एकाच रंगाचे शेकडो प्राणी असतात आणि कोणाला कुठला जनुक, कुठला डोस, हे बिनचूक माहीत असावं लागतं. घरच्या ब्रीडरकडे एका वेळी एक, फार तर दोन विणी असतात. त्याला पहिल्या आठवड्यात प्रत्येक पिल्लू नावाने ओळखायची गरजच नाही. गरज असते ती सगळ्या पिल्लांच्या पोटात दूध आहे का हे बघण्याची. सकाळ-संध्याकाळ घरट्यातली पिल्लं मोजायची आणि प्रत्येकाच्या पोटावरचा पांढरा पट्टा बघायचा. एखाद्याचा पट्टा नसेल तर भरल्या पोटाची दोन-तीन पिल्लं तासाभरासाठी उबेत बाजूला ठेवून त्याला आईजवळ जागा करून द्यायची. यासाठी नंबर लागत नाही.

पहिला आठवडा सरता सरता केस उगवू लागतात आणि अंगावरचं चित्र उमटतं. हूडेड जातीच्या उंदराचं डोकं आणि खांदे रंगीत असतात, पाठीच्या कण्यावरून रंगाची एक पट्टी शेपटीपर्यंत जाते. ही पट्टी कुठे तुटते, कुठे ठिपका पडतो, किती वळते, हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. बर्कशायर या दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पोटावरचा पांढरा भाग, कपाळावरचा टिळा, शेपटीचं पांढरं टोक, यांवरूनही ओळख पटते. आठव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान माद्यांच्या पोटावर स्तनाग्रांच्या दोन ओळी दिसतात, तेव्हा नर-मादी हीही नोंद करून टाकावी. हे दिवस चुकवले तर केस वाढून ती झाकली जातात आणि मग शेपटीखालचं अंतर बघून ठरवावं लागतं, त्यात नवख्याची चूक होते. चूक झाली तर पाचव्या आठवड्यानंतर बहीण-भाऊ एकत्र राहतात आणि पुढच्या विणीचा बेत आपोआप ठरतो.

फोटो काढायची रीतही साधी आहे. खिडकीच्या उजेडात पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात पांढरा कागद अंथरायचा, शेजारी फूटपट्टी, आणि पाच फोटो: वरून पाठ, डावी बाजू, उजवी बाजू, समोरून तोंड, आणि डबा वर उचलून खालून पोट. फ्लॅश नको, डोळ्यांना त्रास होतो आणि रंगही खोटा येतो. दहाव्या दिवशी एकदा, सहा आठवड्यांनी एकदा, तीन महिन्यांनी एकदा. तिसऱ्यांदा का, तर पहिली केसगळ झाल्यावर रंग फिकटतो, काळ्या अंगात रुपेरी केस येतात, हूडची कड थोडी सरकते. फक्त लहानपणीचा फोटो असेल तर वर्षाने तोच उंदीर समोर असूनही पटत नाही.

अडचण येते ती सगळी पिल्लं सारखी असतात तेव्हा. लाल डोळ्यांची पांढरीशुभ्र वीण, किंवा सगळीच काळीभोर. इथे खुणेचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही, खरोखरच ओळखू येत नाही. पण आधी हे बघावं की नेमकं काय ओळखायचं आहे. आईबाप कोण, एवढंच हवं असेल तर दोन सारख्या विणी कधीही एका पिंजऱ्यात न मिसळणं पुरेसं आहे. विणीत प्रत्येकाचं वजन वेगळं लिहायचं असेल तर शेपटीच्या मुळाशी पाण्यात विरघळणाऱ्या, बिनविषारी, बिनवासाच्या शाईच्या पेनाने कडी काढायची: एक कडी, दोन कड्या, तीन कड्या. तीव्र वासाचं कायम शाईचं पेन वापरू नये, त्यातल्या द्रावकांनी उंदराच्या आधीच नाजूक फुप्फुसांना त्रास होतो. आई ती कडी दीड-दोन दिवसांत चाटून टाकते, म्हणून रोज नव्याने काढावी लागते, आणि एकदा विसरलं की सगळी मालिका तुटते. हा त्रास माणसाचा आहे, आणि तो माणसानेच घ्यावा. कडी काढताना पिल्लाला कधीही शेपटीच्या टोकाने उचलू नये, टोकाकडची कातडी मोज्यासारखी निघून येते.

मायक्रोचिपबद्दल मी पूर्ण नाही म्हणणार नाही. कुत्र्यामांजरांची नेहमीची चिप १२ मिलिमीटर लांब आणि सुमारे २ मिलिमीटर जाड असते. त्याहून लहान, ८ मिलिमीटर लांब आणि १.४ जाड चिपही मिळते. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन साधारण अर्धा किलो, मादीचं तीनशे ग्रॅमच्या आसपास. लहान चिप, पशुवैद्याचा हात, खांद्यांच्या मधली जागा आणि सुईचं छिद्र बंद करणारा कातडीचा गोंद, एवढं असेल तर पूर्ण वाढ झालेला उंदीर ती सहन करतो. छिद्र बंद केलं नाही तर दुसऱ्या दिवशी चिप पिंजऱ्यातल्या भुशात सापडते. पण प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये चिपभोवती गाठी झाल्याच्या नोंदी आहेत. गाठी होण्याकडे मुळातच कल असलेल्या प्राण्यात सहज म्हणून चिप घालणं मला पटत नाही. भारतात २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमांत चिपचा आग्रह आहे. उंदरासाठी तसा कायदा नाही आणि उंदराच्या चिपचा नंबर टाकून मालक सापडेल अशी यादीही नाही. नंबर वाचणारा आहे पण नंबराला उत्तर देणारा नाही, तर त्या सुईचा उपयोग कोणाला?

कायद्याचा कलही अंगच्छेदाच्या विरोधातच आहे. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याचं पाचवं कलम उपचाराशिवाय प्राण्याच्या संवेदनशील ऊतींना किंवा हाडांना हात लावायला मनाई करतं, परवानगी दिलेले अपवाद सोडून. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणाऱ्या आपल्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमातही अंगभंग हे क्रौर्य आहे. उंदराच्या बोटासाठी कोणी न्यायालयात जाणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ब्रीडरने स्वतःहून कात्री खाली ठेवायला हवी.

वहीत काय असावं? जन्मतारीख, आईबाप आणि त्यांचे आईबाप, विणीत किती पिल्लं जन्मली आणि किती जगली, गेलेली कशाने गेली, आठवड्याचं वजन, फोटो, कुठल्या तारखेला कोणाकडे गेलं. आणि एक रिकामा रकाना: मृत्यूची तारीख, वय, कारण. हा रकाना भरून यायचा तर ज्यांच्या घरी पिल्लू गेलं त्यांच्याशी संबंध टिकवावा लागतो. सहा महिन्यांनी एक फोन, वर्षाने एक. बहुतेक लोक आनंदाने सांगतात.

आता परत घेण्याचं. पिल्लू देताना ब्रीडरने लेखी द्यावं की कुठल्याही वयात, कुठल्याही आजारात, कुठल्याही कारणाने उंदीर ठेवणं जमलं नाही तर तो परत घेतला जाईल. घेणाऱ्याने लिहून द्यावं की तो परस्पर दुसऱ्याला देणार नाही, विकणार नाही, वीण काढणार नाही, सापाचं खाद्य म्हणून देणार नाही. सापांचा उल्लेख मुद्दाम करतो. परदेशी साप पाळणाऱ्यांना उंदीर सतत लागतात, आणि फुकट मिळणाऱ्या पिल्लांना तिथे मागणी असते. म्हणून पिल्लं फुकट देऊ नयेत. थोडी किंमत आणि घर बघण्याची अट असली की असे लोक बहुधा स्वतःच मागे हटतात.

यावर नेहमीची हरकत: सगळी परत आली तर ठेवायची कुठे? हिशोब करून बघा. वर्षाला तीन विणी, प्रत्येकी दहा पिल्लं, म्हणजे तीस. चार-पाच स्वतःकडे ठेवली तर पंचवीस बाहेर गेली. दोन-अडीच वर्षांचं आयुष्य धरलं तर कुठल्याही वेळी पन्नास-साठ उंदीर लोकांच्या घरी जिवंत आहेत. दहातला एक जरी परत आला तरी पाच-सहा होतात, तेही एकदम नाही, दोन-दोनच्या जोडीने. म्हणजे एक रिकामा, धुतलेला, खोलीत वेगळा ठेवलेला पिंजरा कायम हाताशी हवा. तो नसेल तर त्या महिन्यात जोडी लावायची नाही. पिल्लांना रंग कुठला यावा यापेक्षा हा नियम मला महत्त्वाचा वाटतो. आणि मादी गाभण होण्याआधीच निदान निम्म्या पिल्लांची घरं ठरलेली हवीत. गर्भ २१ ते २३ दिवसांचा, त्यानंतर घरं शोधायला सुरुवात केली तर सहा आठवडे पुरत नाहीत.

घर बघताना आपल्याकडचे प्रश्न वेगळे आहेत. पिंजरा किती मोठा, हे विचारतोच. त्याबरोबर विचारावं: घरात सगळ्यांना चालणार आहे का? आजीला उंदराची किळस असेल आणि नातवाने हट्टाने आणला असेल तर तो उंदीर दोन महिन्यांत गॅलरीत जातो आणि चौथ्या महिन्यात परत येतो, किंवा येतही नाही. सोसायटीत उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकतात का? घरात चिकट पट्ट्या लावतात का? पिंजरा जमिनीवर असेल आणि पावसाळ्यात बाहेरचे उंदीर येत असतील तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका आहे, त्यामुळे पिंजरा उंचावर आणि जाळीबंद खिडकीच्या खोलीत हवा. जवळ उंदीर तपासणारा पशुवैद्य कोण, याचं नाव घेणाऱ्याकडे आधीच असावं. एकटा उंदीर कोणालाही देऊ नये. एकाच लिंगाचे दोन, शक्यतो एकाच विणीतले, सहा आठवड्यांच्या पुढे. पारा तिशीच्या वर गेला की उंदराला त्रास होऊ लागतो, त्याला घाम येत नाही, उष्णता शेपटीतून बाहेर टाकतो. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये नेणं पहाटे किंवा रात्री, सोबत काकडीचे जाड काप, पाण्याची बाटली प्रवासात सांडते.

जोडीतला एक आधी जातो. मागे राहिलेला दोन वर्षांचा उंदीर एकटा कोपऱ्यात बसतो, खाणं कमी करतो. अशा वेळी पहिला फोन ब्रीडरला यायला हवा, आणि ब्रीडरने म्हणायला हवं, आणा. आलेल्या उंदराला तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं, आधी आपल्या उंदरांना खायला घालून मग त्याच्याकडे जायचं, हात धुऊन. पहिल्या दिवशी वजन करायचं, नाकाच्या आणि डोळ्यांच्या कडेला लालसर स्राव आहे का बघायचं, काखेत आणि जांघेत बोट फिरवून गाठ चाचपायची. मग वही उघडून फोटो समोर ठेवायचा. पाठीवरची पट्टी कमरेपाशी तुटते आणि तिथून बोटभर अंतरावर एक ठिपका आहे, तोच हा. जन्मतारखेच्या ओळीत परत आल्याची तारीख लिहायची.